रात्रंदिवस चालणारा संगणक दिवाळीनंतर सुरू का झाला नाही : इचलकरंजीतील एका कारखान्याचे प्रकरण

इचलकरंजीतील एका यंत्रमाग कारखान्याच्या कार्यालयात २०१८ च्या जून महिन्यात दोन संगणक एकाच दिवशी, एकाच बिलावर आले. दोन्हींचा मदरबोर्ड, प्रोसेसर, हार्ड डिस्क आणि एसएमपीएस, म्हणजे घरची वीज संगणकाला लागेल अशी करून देणारा डबा, अगदी सारखा होता. ते मीच जोडून दिले होते, म्हणून हे मला खात्रीने सांगता येते. त्यानंतर सुमारे साडेपाच वर्षे त्यांतला एक रात्रंदिवस चालू राहिला आणि दुसरा रोज संध्याकाळी बंद होत गेला. २०२३ च्या दिवाळीत कारखाना पाच दिवस बंद होता, तेव्हा पहिला संगणकही इतके दिवस सलग बंद राहण्याची पहिलीच वेळ आली, आणि भाऊबीजेनंतर दिवाणजींनी बटण दाबले तेव्हा तो सुरूच झाला नाही.

मी पोहोचलो तेव्हा मालक आणि दिवाणजी यांच्यात वाद रंगला होता. मालकांचे म्हणणे होते, "एवढी वर्षं चालू होता तवर काय झालं नाही. बंद केला म्हणूनच गेला की ओ तो!" दिवाणजींचे म्हणणे नेमके उलट होते, चोवीस तास राबवून घेतलेले यंत्र आज ना उद्या झिजणारच, आणि शेजारचा रोज विश्रांती घेणारा संगणक अजून धडधाकट आहे, हाच त्याचा पुरावा, असे ते सांगत होते. दोघांच्याही हातात पुरावा होता आणि तो एकाच घटनेतून आला होता, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटली. संगणक दीर्घकाळ चालू ठेवल्याने त्याचे भाग खराब होतात का, हा प्रश्न मला ग्राहक वर्षानुवर्षे विचारत आले आहेत. पण सारख्या बनावटीचे दोन संगणक, एकच खोली, एकच वीजजोडणी आणि वापराची दोन वेगळी टोके असा योग मला पुन्हा मिळाला नाही. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवत आहे.

दोन्ही संगणकांची परिस्थिती

पहिल्या संगणकावर टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा मूळ डेटा होता आणि चार कॅमेऱ्यांचे चित्रीकरणही त्यावरच साठत असे. रात्रपाळीतल्या उत्पादनाच्या नोंदी त्यावर होत, त्यामुळे तो बंद करण्याचा प्रश्नच नव्हता. २०२० च्या टाळेबंदीत माग थांबले, तरी कॅमेऱ्यांसाठी तो चालूच राहिला. दुसरा संगणक बिले, ई-वे बिल आणि जीएसटीच्या कामासाठी होता. दिवाणजी जुन्या वळणाचे आहेत. संध्याकाळी घरी जाताना ते संगणक रीतसर बंद करत आणि नंतर भिंतीवरचे बटणही बंद करत. हे भिंतीवरचे बटण या प्रकरणात पुढे महत्त्वाचे ठरले.

दोन्ही डिस्क स्वतःच्या आयुष्याची नोंद ठेवतात आणि ती वाचता येते. पहिल्या संगणकाच्या डिस्कवर ४६,३१२ तास चालल्याची आणि १३१ वेळा चालू-बंद झाल्याची नोंद मिळाली. दुसऱ्याच्या डिस्कवर तास होते १४,८६०, पण चालू-बंद होण्याचा आकडा होता २,२४०. म्हणजे एकाने तिप्पट तास काढले होते, तर दुसऱ्याने सतरापट वेळा उठबस केली होती. नुसते हे आकडे पाहिले, तर वादाचा निकाल लावण्यासाठी याहून चांगली तुलना शोधून सापडणार नाही.

पण या तुलनेत एक मोठी गोम होती आणि ती दोघांच्याही नजरेतून सुटली होती. दुसरा संगणक टेबलावर, खिडकीजवळ, मोकळ्या हवेत होता. पहिला संगणक मात्र कॅमेऱ्यांच्या नोंदीला कोणी हात लावू नये म्हणून काउंटरखालच्या लाकडी कप्प्यात, कुलूपबंद दाराआड ठेवलेला होता. कप्प्याला मागे वायर जाण्यापुरते एक भोक होते आणि तेवढ्याच वाटेने हवा आत-बाहेर होत होती. इचलकरंजीत मागाच्या शेजारच्या खोलीत हवा म्हणजे काय, हे तिथे राहिलेल्याला सांगावे लागत नाही. कापसाचे बारीक तंतू दिवसभर तरंगत असतात आणि जिथे पंखा फिरतो तिथे जाऊन बसतात.

तपासणी

पहिली गोष्ट केली ती म्हणजे माझ्याकडचा चालू एसएमपीएस त्या संगणकाला जोडून पाहिला. संगणक पहिल्याच झटक्यात सुरू झाला. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम सारे शाबूत होते. म्हणजे ४६ हजार तास अखंड चाललेल्या यंत्रातले सर्वांत गुंतागुंतीचे आणि सर्वांत महागडे भाग ठीक होते आणि गेला होता तो सर्वांत स्वस्त भाग. याचे मला आश्चर्य वाटले नाही, पण मालकांना वाटले.

जुना एसएमपीएस दुकानात आणून उघडला. इथे एक सूचना केलीच पाहिजे : घरच्या विजेचे २३० व्होल्ट एसएमपीएसच्या आत गेल्यावर मोठ्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, सुमारे ३२५ व्होल्टच्या दाबाने साठतात आणि वायर काढल्यावरही काही काळ तिथे राहतात. ज्याला तो साठा सुरक्षितपणे उतरवता येत नाही, त्याने हा डबा उघडू नये.

आत पंख्याच्या जाळीवर तंतूंचा थर इतका दाट बसला होता की तो चिमटीत धरून सबंध, वाकळेतल्या कापसाच्या पापुद्र्यासारखा उचलता आला. पंख्याच्या बेअरिंगमधले तेल आटले होते; बोटाने फिरवला तर तो जेमतेम अर्धा फेरा घेऊन थांबत होता. फुगलेला कपॅसिटर मात्र वरवर पाहता एकही दिसला नाही. म्हणून स्टँडबायच्या, म्हणजे संगणक बंद असतानाही जागे राहणाऱ्या, सर्किटमधल्या एका छोट्या कपॅसिटरकडे लक्ष दिले. बोटाच्या पेराएवढा हा भाग उष्णतावाहक पट्टीला जवळजवळ चिकटून बसवलेला होता. हेअर ड्रायर घेऊन फक्त तेवढ्या भागावर मिनिटभर गरम हवा सोडली आणि एसएमपीएस पुन्हा जोडला. तो सुरू झाला. तासभर थंड होऊ दिला, तर पुन्हा निपचित. हा प्रयोग मालकांसमोर तीनदा केला आणि तिन्ही वेळा हेच घडले.

याचा अर्थ असा. एसएमपीएसमधल्या नियंत्रक चिपला सुरू होताना पहिला दम या छोट्या कपॅसिटरमधून मिळतो. एकदा गाडी चालू झाली की तिला लागणारी वीज ट्रान्सफॉर्मरच्या वेगळ्या वेटोळ्यातून मिळत राहते आणि कपॅसिटर कमकुवत झाला असला तरी ते जाणवत नाही. या प्रकारच्या कपॅसिटरमध्ये द्रव इलेक्ट्रोलाइट असतो. तो हळूहळू सुकतो, कपॅसिटरची साठवणूक घटते आणि अंतर्गत रोध वाढतो. हा रोध थंड असताना अधिक असतो आणि गरम झाल्यावर कमी होतो. आमच्या संगणकातला कपॅसिटर बहुधा बरेच महिने आधीच निकामी झाला होता. मधूनमधून पुनःप्रारंभ झाला किंवा क्षणभर वीज गेली, तेव्हा डबा गरम असल्यामुळे तो कसाबसा उठत होता. पाच दिवसांच्या सुट्टीत तो प्रथमच पूर्ण थंड झाला आणि लपलेला दोष उघडा पडला.

म्हणजे मालकांनी पाहिलेली घटना खरी होती, पण तिचे कारण त्यांनी चुकीचे लावले होते. बंद केल्यामुळे संगणक बिघडला नव्हता. बिघाड चालू असतानाच झाला होता, आणि बंद केल्यामुळे तो कळला होता. पण मग दिवाणजी बरोबर ठरतात का? तेही पूर्णपणे नाही, आणि ते का हे पाहण्यासाठी थोडे गणित करावे लागते.

तास आणि तापमान

इलेक्ट्रोलाइटिक कपॅसिटरवर त्याचे कमाल तापमान छापलेले असते, बहुधा ८५ किंवा १०५ अंश सेल्सिअस, आणि त्या तापमानाला तो किती तास टिकेल हे निर्मात्याच्या माहितीपत्रकात दिलेले असते. या धंद्यात सर्वमान्य असलेला ढोबळ नियम असा की तापमान दर १० अंशांनी उतरले की आयुष्य दुप्पट होते आणि दर १० अंशांनी चढले की निम्मे. १०५ अंशांना २,००० तास टिकणारा कपॅसिटर घेतला, तर ६५ अंशांना तो सोळापट म्हणजे ३२,००० तास टिकेल, ५५ अंशांना ६४,००० तास आणि ७५ अंशांना केवळ १६,००० तास. वर्षात ८,७६० तास असतात. म्हणजे अखंड चालणाऱ्या यंत्रात हाच भाग ५५ अंशांना सात वर्षांहून अधिक काळ साथ देईल, ६५ अंशांना साडेतीन वर्षांच्या थोडे वर आणि ७५ अंशांना दोन वर्षेही पुरी करणार नाही.

नवा एसएमपीएस बसवल्यावर मी त्याच्या तशाच जागच्या कपॅसिटरला तापमान मोजण्याची तार चिकटवली आणि संगणक पुन्हा त्याच लाकडी कप्प्यात ठेवला. दार बंद ठेवून दोन तास चालवला, तेव्हा तापमान ६६ अंशांवर स्थिरावले. दार उघडे ठेवले, तेव्हा ते ५४ वर आले. हे नोव्हेंबरातले आकडे आहेत, आणि तेही स्वच्छ जाळी व नव्या पंख्यासह. तंतूंची वाकळ पांघरलेला आणि अडखळत्या पंख्याचा जुना डबा एप्रिल-मे महिन्यांत किती तापत असेल, याची कल्पना यावरून करता येते.

नुसते कप्प्याचे दार बंद असण्याने त्या भागाचे आयुष्य निम्म्याहूनही कमी होत होते. हेच तास त्याच यंत्राने दुसऱ्या संगणकाच्या टेबलावर, मोकळ्या हवेत आणि स्वच्छ जाळीने काढले असते, तर २०२३ च्या दिवाळीनंतर तो सुरू झाला असता असे मानायला भरपूर जागा आहे. दिवाणजी म्हणतात ती झीज खरी आहे. द्रव सुकण्याची क्रिया संगणक चालू असतानाच वेगाने होते, त्यामुळे तास मोजले जातात यात शंका नाही. पण प्रत्येक तासाची किंमत तापमान ठरवते आणि ती किंमत दुप्पट-चौपट बदलते. ग्राहक मला तासांबद्दल विचारतात, तेव्हा मी त्यांना संगणक कुठे ठेवला आहे, हे आधी विचारतो.

एसएमपीएसबाबत आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. संगणक बंद केला, पण भिंतीवरचे बटण चालू राहिले, तर स्टँडबायचे ५ व्होल्टचे सर्किट जागेच असते. म्हणजे ज्या छोट्या कपॅसिटरने हा घोळ घातला, तो बंद संगणकातही कमी प्रमाणात का होईना, काम करतच असतो. दिवाणजींच्या सवयीमुळे दुसऱ्या संगणकाचा तो भाग रात्री खरोखर विसावत होता.

डिस्कची गोष्ट वेगळी

पहिल्या संगणकाची डिस्क चालत होती, तरी ती मी लगेच काढून घेतली. तिच्या नोंदीत ४० सेक्टर, म्हणजे डेटा साठवण्याचे छोटे कप्पे, खराब होऊन राखीव जागेत हलवल्याचे दिसत होते. गूगलच्या तीन अभियंत्यांनी २००७ मध्ये आपल्याकडच्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात असे आढळले होते की सेक्टर हलवल्याची पहिली नोंद झाल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क निकामी होण्याची शक्यता अशी नोंद नसलेल्या डिस्कच्या तुलनेत चौदापटींहून अधिक असते. टॅलीचा मूळ डेटा अशा डिस्कवर एक रात्रही ठेवणे मला पटले नाही. त्याच अभ्यासाची दुसरी बाजूही सांगायला हवी : निकामी झालेल्या डिस्कपैकी एक तृतीयांशाहून अधिक डिस्कच्या नोंदीत कसलीच धोक्याची खूण नव्हती. स्वच्छ नोंद ही हमी नसते, म्हणून बॅकअपला पर्याय नाही.

याच अभ्यासाने तापमानाबाबतची एक रूढ समजूत डळमळीत केली. सर्वसाधारण तापमानाच्या पट्ट्यात डिस्क अधिक गरम म्हणजे अधिक बिघाड असे सरळ नाते आढळले नाही. अति गार डिस्कच अधिक बिघडलेल्या दिसल्या, आणि उष्णतेचा फटका जुन्या डिस्कना व वरच्या टोकाच्या तापमानालाच ठळकपणे जाणवला. आमची डिस्क मात्र जुनीही होती आणि वरच्या टोकालाही पोहोचली होती. तिच्या नोंदीतले आजवरचे सर्वाधिक तापमान ५८ अंश होते.

तरीही या डिस्कच्या बाबतीत मला उष्णतेइतकाच कामाचा भार महत्त्वाचा वाटतो. चार कॅमेरे, प्रत्येकी सेकंदाला ४ मेगाबिट, म्हणजे एकूण सेकंदाला २ मेगाबाइट. दिवसाला सुमारे १७३ गीगाबाइट आणि वर्षाला ६३ टेराबाइट लेखन. घरगुती वापराच्या काही डिस्कच्या माहितीपत्रकांत वर्षाला ५५ टेराबाइटचा भार आणि २,४०० तासांचा वापर गृहीत धरलेला असतो. २,४०० तास म्हणजे दिवसाचे आठ तास आणि वर्षाचे ३०० दिवस. अशी डिस्क आम्ही वर्षाला जवळजवळ ८,७६० तास चालवत होतो आणि तिच्यावर अखंड लिहीत होतो. कॅमेऱ्यांच्या नोंदीसाठी चोवीस तास चालण्याच्या हिशेबाने बनवलेल्या डिस्क बाजारात वेगळ्या मिळतात. २०१८ मध्ये ती डिस्क सुचवणे माझे काम होते आणि चार पैसे वाचवण्याच्या चर्चेत मी तो आग्रह सोडला. या प्रकरणातली ही चूक माझी आहे.

मग दुसऱ्या डिस्कच्या २,२४० उठबशींचे काय? जुन्या डिस्कमध्ये फिरणे थांबले की वाचणारी सुई, म्हणजे हेड, तबकडीवरच टेकत असे आणि सुरू होताना घासून उठत असे. अशा डिस्कसाठी ५०,००० वेळा चालू-बंद ही मर्यादा अनेक माहितीपत्रकांत दिसायची. नंतरच्या डिस्कमध्ये हेड बाजूच्या उतारावर जाऊन विसावते आणि तिथे मर्यादा ३ लाख किंवा ६ लाखांची असते. रोज पाच वेळा संगणक चालू-बंद केला, तरी ५०,००० व्हायला सत्तावीस वर्षे लागतील. गंमत अशी की काही वीजबचतीच्या डिस्क काही सेकंद काम नसले की लगेच हेड उतारावर नेतात. दर अर्ध्या मिनिटाला असे झाले, तर ३ लाखांचा आकडा २,५०० तासांत, म्हणजे साडेतीन महिन्यांत पुरा होतो. संगणक एकदाही बंद न करता उठबशी वाढू शकतात, हे यावरून लक्षात घ्यावे.

एसएसडीमध्ये, म्हणजे चिपवर डेटा साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारे काही नसते. तिथे झीज मुख्यतः लेखनाची असते, तासांची नाही. मात्र तासांनीच मरणाऱ्या एसएसडी एकदा खरोखर आल्या होत्या. हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझने २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये सर्व्हरच्या आपल्या काही एसएसडींबाबत इशारा दिला होता की फर्मवेअरमधल्या, म्हणजे डिस्क स्वतः चालवणाऱ्या आतल्या प्रोग्राममधल्या, दोषामुळे त्या बरोबर ३२,७६८ तास पुरे झाले की, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस आणि ८ तासांनी, कायमच्या बंद पडतील. त्यात झिजलेले काहीही नव्हते. तास मोजणारा आकडा त्याच्या साठवणजागेत मावेनासा होत होता. फर्मवेअर बदलणे हाच त्यावर उपाय होता.

विश्रांती घेणाऱ्या संगणकाचे आजार

दुसरा संगणक धडधाकट होता खरा, पण निरोगी होता असे नाही. २०२१ च्या दुसऱ्या टाळेबंदीनंतर तो सुरू केला, तेव्हा तारीख काही वर्षे मागे गेली होती आणि जीएसटीचे संकेतस्थळ उघडेना. सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत तारखेवरून तपासली जाते, त्यामुळे चुकीच्या तारखेला ब्राउझर संकेतस्थळ नाकारतो. दिवाणजी घाबरून गेले होते. दोष होता मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या बॅटरीचा. ३ व्होल्टच्या जागी तिच्यात २.४ उरले होते. भिंतीवरचे बटण चालू असते, तेव्हा घड्याळ स्टँडबायच्या विजेवर चालते आणि ही बॅटरी जवळजवळ न खर्च होता राहते; बटण रोज बंद करण्याच्या सवयीची ही किंमत होती. पण काही रुपयांच्या बॅटरीची ही किंमत मला फार वाटत नाही, विशेषतः वळवाच्या पावसात वीज कडाडते तेव्हा. लाटेसारखा येणारा जादा दाब भिंतीवरचे बटण बंद असलेल्या संगणकात सहसा शिरत नाही. पण तो इंटरनेटच्या वायरमधूनही शिरू शकतो. ही शेवटची वाट पुष्कळ जण विसरतात.

रोज तापणे आणि थंड होणे, हा मालकांच्या बाजूचा खरा मुद्दा होता आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तांबे एका अंशाला दर दशलक्षामागे सुमारे १७ भाग प्रसरण पावते, तर सिलिकॉन सुमारे ३ भाग. चिप आणि बोर्ड यांना जोडणारे डाखाचे बारीक ठिपके या दोघांच्या ओढाताणीत सापडतात आणि पुन्हा पुन्हा ताणले गेले की त्यांना भेगा पडतात. २००८ मध्ये एन्व्हिडियाने आपल्या काही लॅपटॉप ग्राफिक्स चिपमध्ये चिप आणि तिच्या आवरणाचे साहित्य दुबळे असल्याचे जाहीर करून १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद केली होती, ती अशाच बिघाडांसाठी. पण इथेही महत्त्वाचा आहे तो तापमानाच्या झोक्याचा आकार. झोका मोठा झाला की भेगेचा वेग प्रमाणाबाहेर वाढतो. बिले करणारा संगणक सकाळी २५ अंशांवरून ४५ वर जातो आणि संध्याकाळी परत येतो. दुसरीकडे, जड खेळ खेळणाऱ्याचा संगणक कधीच बंद होत नसला, तरी त्याची ग्राफिक्स चिप दिवसातून दहा वेळा ४० आणि ८० अंशांच्या दरम्यान झोके घेते. बंद न करणे म्हणजे तापमान स्थिर ठेवणे, हे समीकरण त्यामुळेच चुकते.

'चालू आहे तोवर हात लावू नका' या समजुतीचे मूळ मला जुन्या यंत्रांत दिसते. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बांधलेल्या एनिॲक या सुरुवातीच्या संगणकात सुमारे १८ हजार व्हॅक्यूम ट्यूब, म्हणजे आत तार तापणाऱ्या काचेच्या नळ्या, होत्या आणि त्या बहुतांशी गरम होताना किंवा थंड होतानाच जात. म्हणून त्याची वीज शक्यतो बंदच करायची नाही, असे ठरले. ॲबर्डीन या गावी हलवल्यावर तिथे १९४७ च्या जुलैमध्ये पुन्हा सुरू झाल्यापासून १९५५ च्या ऑक्टोबरमध्ये निवृत्त होईपर्यंत तो याच पद्धतीने चालवला गेला. त्या यंत्रासाठी तो शहाणपणाचा निर्णय होता. ट्यूबमधली तापणारी तार आजच्या संगणकात नाही, पण तो सल्ला मात्र राहिला.

प्रोसेसरबद्दल थोडक्यात सांगतो, कारण लोकांना सर्वाधिक काळजी त्याचीच असते. चिपमधल्या सूक्ष्म तारांतले धातूचे अणू विजेच्या प्रवाहाबरोबर हळूहळू सरकतात, हे खरे आहे. जेम्स ब्लॅक यांनी १९६९ मध्ये त्याचे समीकरण मांडले आणि प्रवाहाची घनता व तापमान वाढले की हा वेग वाढतो, हे त्यातून कळते. चिप बनवणारे ही झीज धरूनच तारांची जाडी ठरवतात, त्यामुळे ठरलेल्या व्होल्टेजवर चालणारा प्रोसेसर बाकीचा संगणक कालबाह्य होईपर्यंत सहसा टिकतो. व्होल्टेजच चुकले, तर मात्र चित्र बदलते : २०२४ मध्ये इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांत जादा व्होल्टेजमुळे कायमची हानी होत असल्याचे कंपनीने मान्य केले, मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचना, बदलला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. जादा व्होल्टेजची मागणी संगणक निवांत असतानाही होत होती. तुमच्याकडे त्या पिढीचा प्रोसेसर असेल, तर बायोस, म्हणजे मदरबोर्डवरचा संगणक सुरू करणारा प्रोग्राम, अद्ययावत करणे हे बंद-चालूच्या चर्चेपेक्षा तातडीचे आहे.

अनेकदा 'बरेच दिवस चालू ठेवल्याने संगणक खराब झाला' अशी जी तक्रार येते, ती भागांची नसतेच. एखादा प्रोग्राम वापरलेली मेमरी परत करत नाही, साचत जाते आणि संगणक रांगू लागतो. पुनःप्रारंभ केला की तो पुन्हा तरतरीत होतो. विंडोज ९५ तर ४९.७ दिवस अखंड चालली की गोठत असे, कारण तिच्यातला मिलिसेकंदांचा आकडा तिथे भरून जाई. आजच्या विंडोजमध्ये शटडाउन केल्यावर 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल, तर गाभ्याची स्थिती जपून ठेवली जाते. खरी नवी सुरुवात हवी असेल, तर 'रीस्टार्ट'च करावे लागते.

काय ठरले

पहिला संगणक चोवीस तास चालू ठेवावा की नाही, या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्याच्या भागांवरून दिले नाही, कामावरून दिले. चोवीस तासांचे काम फक्त कॅमेऱ्यांचे होते. ते वेगळ्या रेकॉर्डरवर, त्याच कामासाठी बनवलेल्या डिस्कसह हलवले. टॅलीच्या संगणकाला नवा एसएमपीएस आणि एसएसडी बसवली, रोजचा बॅकअप दुसऱ्या संगणकावर लावला, आणि रात्रपाळीच्या नोंदी संपल्या की तो बंद करायचा असे ठरले. काम नसताना तो सुमारे ६० वॅट घेत होता. दिवसाचे दहा तास बंद राहिला, तर रोज ०.६ युनिट, वर्षाला २१९ युनिट वीज वाचते. मालकांना शेवटी पटला तो हा हिशेब. आम्ही मोजलेले ६६ आणि ५४ अंश त्यांना तितकेसे भावले नव्हते.

रेकॉर्डर मात्र चालूच राहणार होता आणि कुलुपाचा आग्रहही सुटणार नव्हता. म्हणून लाकडी दाराच्या जागी लोखंडी जाळीचे दार लावले, मागच्या भोकाच्या जागी पंखा बसवला आणि त्याच्यापुढे धुता येईल अशी गाळणी लावली. सफाईचे काम दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दिवाणजींनी स्वतःकडे घेतले आहे. जाळीच्या आतल्या बाजूला त्यांनी वहीचा एक कागद चिकटवला आहे. त्यावर गाळणी धुतल्याची तारीख आणि त्या दिवशीचे डिस्कचे तापमान ते शाईच्या पेनाने लिहितात. मे २०२४ च्या रकान्यात ४६ हा आकडा आहे.